अकरा वाजून दहा मिनिटं

मी संपतला फसवलं. त्यानं मला नाही — मी त्याला. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

दहिवडीत माझा इंटरनेटचा धंदा आहे, शून्यातून उभा केलेला. संपत जतचा. नऊ वर्षं माझ्याकडे वायर ओढायचा. एक दिवस म्हणाला, "मालक, आता सोताचं काम बघतो." माझं डोकंच फिरलं. ज्याला पक्कड धरायला मी शिकवलं, तो माझीच गिऱ्हाइकं नेणार? समजावलं, घासाघीस केली, धमकावलंसुद्धा. तो हसून म्हणाला, "न्हाई जमायचं." आणि मी सौद्यात कधी हरलेलो नाही — हे कळल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही.

पुढच्याच आठवड्यात शाळेच्या वेबसाइटवरून तिथल्या एका बाईंना कुणीतरी निनावी, घाणेरडा निरोप पाठवला. बाईंचा नवरा वेबसाइटवरच्या त्या निरोपाच्या नोंदीचा कागद घेऊन माझ्या दुकानात आला, मागे चार माणसं. कागदावर पाठवणाऱ्याचा इंटरनेटवरचा नंबर होता आणि वेळ — काल, अकरा दहा. नंबर कुठला, ते मी सगळ्यांदेखत शोधलं. स्क्रीनवर आलं: सांगली.

संपत अजून माझ्याकडेच कामाला होता, तिथंच उभा होता. मग मी त्याला एवढंच विचारलं, "संपत, काल सकाळी कुठं होतास रं?"

"सांगलीला. आईचा डोळा दाखवायला."

खोटं बोललो का मी? एक अक्षर नाही. पण नंबर बघताक्षणी ओळखला होता — माझ्याच गिऱ्हाइकांपैकी कुणाचा तरी. आमची लाइन सांगलीतून बाहेर पडते, म्हणून माझ्या वायरवरचं दहिवडीतलं प्रत्येक घर सांगलीचं दिसतं. माझं दुकानसुद्धा. आणि ती वेळ? वेबसाइटचा सर्व्हर परदेशातला, त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे आपल्याकडे दुपारचे चार चाळीस. तेव्हा संपत सांगलीहून परत येऊन दुकानासमोरच्या खांबावर चढला होता. शिडी मी धरली होती.

बाईंच्या नवऱ्यानं संपतच्या कानाखाली मारली. "आवं मालक, तुमी तरी सांगा की!"

मी म्हणालो, "मशीन खोटं बोलतं व्हय?"

संपत बायकापोरांना घेऊन जतला गेला. त्याचा धंदा राहिलाच. निरोप कुठल्या घरातून गेला, ते माझ्या नोंदींत सापडलं असतं. मी त्या उघडल्या नाहीत — उघडल्या असत्या तर संपत सुटला असता ना? बाईंना तसलेच निरोप येत राहिले. लोक म्हणाले, आता जतवरून पाठवतोय. शेवटी बाईंनी नोकरी सोडली.

त्या दिवशी दुकानात जे उभे होते, त्यांनी यावं. जाब मला विचारावा — माणसांदेखत, संपतला विचारला तसाच.