दहा फुटांची बकुळ

आमच्या फाटकाजवळच्या रिकाम्या आळ्याकडे पाहुण्याची नजर गेली की माझा मुलगा त्याला एक हकीकत सांगतो. आम्ही दहा फुटांची बकुळ आणली, ती टिकणार नाही हे वडिलांना नर्सरीतच कळले होते, पण आपलेच म्हणणे खरे ठरावे म्हणून ते गप्प बसले, अशी ती हकीकत. "पापा को सब पता था, बस बोले नहीं," हे तिचे शेवटचे वाक्य. पाहुणे हसतात. मी हसत नाही, कारण हकीकत खोटी आहे. तिची मुख्य चूक घरात दुरुस्त करणे मी आता सोडले आहे. मुलगा या हिंदी मुलखात वाढला; मराठी समजतो, पण वाचत नाही. म्हणून खरे काय घडले ते इथे लिहायला हरकत नाही.

चौबे कॉलनीतल्या आमच्या घरापुढे पूर्वी एक करंज होता. त्याच्या सावलीत माझी पत्नी रोज दुपार कलली की खुर्ची टाकून बसत असे. तिचे गुडघे तिला फार दूर जाऊ देत नाहीत, त्यामुळे जग तिच्याकडे फाटकापाशी येई. भाजीची गाडी तिथे थांबे, कामावरून परतणाऱ्या बायका घटकाभर टेकत, कोणाच्या सुनेचे कोणाशी पटत नाही याचा निवाडा तिथेच होई. नालीच्या कामात तो करंज गेला. पश्चिमेचे ऊन थेट फाटकावर येऊ लागले आणि तिची खुर्ची आत आली. आत आल्यावर तिचे बोलणे कमी झाले. 'आई बदलली' असे मुलगा म्हणे. आई बदलली नव्हती. तिची जागा गेली होती. हेही त्याला मीच समजावून सांगितले, आणि त्यानंतर नवे झाड लावायचे ठरले. कल्पना आपली होती असे तो सांगतो. असो.

उरला या कारखान्यांच्या भागाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक नर्सरी आहे. कारखान्यांची धूळ बसून तिथले प्रत्येक पान राखाडी दिसते. मालकाने कोणते झाड हवे हे विचारण्याआधी "कितने फीट का चाहिए?" असे विचारले. मी म्हणालो, आधी पिशवी दाखवा. ही सवय मी आयुष्यभर बाळगली आहे आणि तिची थट्टाही आयुष्यभर ऐकली आहे. नर्सरीत उंची विकली जाते, पण झाड जगते ते पिशवीतल्या मुळांवर. आठ इंचांच्या पिशवीतले दोन फुटांचे रोप आपल्या मापाच्या घरात राहत असते. बारा इंचांच्या पिशवीतल्या दहा फुटी झाडाची मुळे मात्र जागा नसल्याने स्वतःभोवतीच गोल फिरत राहतात, आणि जमिनीत लावल्यावरही ही गोल फिरण्याची खोड सहसा सोडत नाहीत. शिवाय तिथल्या मोठ्या झाडांच्या पिशव्या निम्म्या जमिनीत पुरलेल्या होत्या. गिऱ्हाइकाला फक्त उंची दिसावी, हा त्यातला हिशेब.

"दोन फुटांचं घ्या," मी म्हणालो.

"पापा, दो फीट का पौधा सावली कब देगा?"

"सात-आठ वर्षांत."

"सात-आठ वर्षं?" पत्नी म्हणाली. "मी काय काल लग्न करून आली काय?"

मालकही हसला. उंच बकुळ पसंत झाली आणि मुलगा गाडी आत घ्यायला सांगण्यासाठी रस्त्याकडे गेला.

दोन मजुरांनी खोड धरून झाड वर ओढले. पिशवी हलेना. मालक म्हणाला, "जोर से." त्यांनी हिसका दिला आणि जमिनीतून कडकन् आवाज आला. पिशवीचे बूड फोडून मातीत उतरलेले अंगठ्याएवढे जाड मूळ तुटले होते. त्याचा पांढरा, ओला तुकडा मी डोळ्यांनी पाहिला. "अंकल, वो फालतू जड़ है," मालक म्हणाला.

मी पत्नीकडे वळून म्हणालो, "ऐकलं काय? मूळ तुटलं. हे झाड लागणार नाही."

तिने वर शेंड्याकडे पाहिले, "हव," म्हणून मान हलवली, आणि मजुरांना म्हणाली, "चढाओ भैया, गाड़ी आ गई."

म्हणजे मी बोललो होतो. मुलाशी बोललो नाही, हे मान्य आहे. ज्या माणसाला सावली हवी होती, त्याला सांगितले, आणि त्याने निर्णय दिला. दिलेल्या निर्णयावर मुलाकडे दाद मागण्याची मला सवय नाही.

पावसाळाभर बकुळ हिरवी राहिली. पाऊस उघडला की पत्नी तिच्याखाली खुर्ची टाकी. सावली एवढीशी, की खुर्चीचा एक हात सावलीत आणि दुसरा उन्हात. तरी भाजीची गाडी पुन्हा थांबू लागली, निवाडे पुन्हा सुरू झाले. दिवाळीच्या सुमारास पाने गळाली. नखाने खोड खरवडले तर आत तपकिरी निघाले. मी एवढेच म्हणालो, "हे मी नर्सरीतच सांगितलं होतं." मुलगा उसळला. "किसको बोला था? मम्मी, बोला था क्या?"

पत्नी धान्य निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मले नाही आठवत," ती म्हणाली.

त्या दिवशी ती हकीकत जन्माला आली. मला झाडाचे फारसे वाटले नाही. एवढ्या वर्षांच्या सहवासात माझा एकमेव साक्षीदार असा उलटावा, याचे वाटले. कितीतरी दिवस मी तिच्याशी कामापुरतेच बोललो. शेवटी तिनेच एका दुपारी विषय काढला.

"सांगतलं होतं तुम्ही. आवाज मीही ऐकला होता."

"मग नाही काहून म्हटलं?"

"पोरानं हौसेनं आणलं होतं. मायनं जाणूनबुजून मरतं झाड घ्याले लावलं, असं त्याले वाटलं असतं. तुमच्यावर तं तो तसाही चिडलेलाच राह्यते."

"पण घेतलं कशाला?"

"पाऊसभर बसली ना मी तिथं." मग ती म्हणाली, "सांगू काय आता त्याले?"

यावर बरेच बोलता आले असते. उत्तरेही तयार होती. पण त्या दुपारी वाद घालण्याचे त्राण माझ्यात नव्हते. "राहू दे," मी म्हणालो.

या उन्हाळ्यात नागपूरहून माझे मेहुणे आले. चहा घेताना त्यांनी आळ्याविषयी विचारले आणि मुलाने हकीकत सुरू केली: उंची, गाडी, अठरा इंचांची पिशवी, आणि मग ते वाक्य. पत्नीने कप खाली ठेवला. ती माझ्याकडे पाहत होती आणि तोंड उघडण्याच्या बेतात होती.

"पिशवी अठरा इंचांची नव्हती," मी मोठ्याने म्हणालो. "बारा इंचांची होती."

"पापा, अठारह."

"बारा."

"मैंने खुद उठाया था!"

"उचलली मजुरांनी. तू रस्त्यावर होतास."

मेहुणे मध्ये पडले, मग त्यांनाही इंचांचा हिशेब समजावून सांगावा लागला. चहा निवून गेला तरी आम्ही दोघेही मागे हटलो नाही. पत्नी केव्हाच उठून आत गेली होती.