गेंड्याच्या वाटीतलं पाणी

माझ्याबरोबर एका घरात भाड्याने राहणारा मित्र बहिणीच्या लग्नाहून मेलबर्नजवळच्या वेरिबीला परतला, तेव्हा माझ्या आईने त्याच्याबरोबर गोडा मसाला, मेतकूट आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक वाटी पाठवली. विमानतळावर त्याने खाण्याचे सगळे जिन्नस प्रामाणिकपणे दाखवले होते. अधिकाऱ्याने मेतकूट बराच वेळ हुंगलं आणि त्याला जाऊ दिलं. फडक्यात काय आहे हे मित्रालाही माहीत नव्हतं.

मला मात्र पाहताक्षणी कळलं. आमच्या घरी तिला गेंड्याची वाटी म्हणत. पोथीतलं नाव खड्गपात्र; खड्ग म्हणजे गेंडा. काळपट, होडीच्या आकाराची. उजेडात धरली की कड मधासारखी दिसते. गेंड्याच्या शिंगातून दिलेलं पाणी पितरांना पोचतंच, अशी आमच्याकडची समजूत. आजोबांच्याही आधीपासून ती देवघरात होती.

“सॉस बाऊल पाठवलाय की काय काकूंनी?” मित्र कुकरी शिकत होता, त्याला सगळीकडे भांडी दिसत. मी वाटी पुन्हा फडक्यात गुंडाळू लागलो, तेव्हा म्हणाला, “काय झालं रे? नो वरीज, मसाला आलाय ना!”

त्या वर्षांत भारतातून शिकायला आलेल्या आमच्यासारख्या मुलांनी मेलबर्नची उपनगरं भरली होती. मी अकाउंटिंग शिकत होतो. बाबा गेले तेव्हा माझा व्हिसा नूतनीकरणात अडकला होता. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. मी गेलो नाही. सगळं दादाने केलं. आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, आणि आईने फोनवर सांगितलं, “दादा करेलच. पण तुझी चूल वेगळी आहे, तूही पाणी दे. एवढ्या लांबून द्यायचं, म्हणून ती वाटी तुला पाठवली.”

हे ऐकून माझे डोळे भरून यायला हवे होते. पण मी शनिवार-रविवार जिथे काम करत होतो ते गावाबाहेरचं प्राण्यांचं मोकळं उद्यान होतं, आणि माझी चिप्सची टपरी बरोबर गेंड्यांच्या माळासमोर होती. गेंड्यांची देखभाल करणारी तिथली कीपर पर्यटकांना रोज सांगायची की शिंग म्हणजे आपल्या नखांसारखाच पदार्थ, त्यात कसलीही शक्ती नाही, आणि तरी त्यासाठी ही जनावरं मारली जातात. मी तेलात चिप्स सोडता सोडता मान डोलवायचो. माझं खरंच तसं मत होतं. आणि इकडे माझ्या खोलीत, कपड्यांच्या खणात, ती वाटी होती.

युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मी अभ्यास सोडून हिंदुस्थानात फिरलेल्या गोऱ्यांची जुनी प्रवासवर्णनं काढून बसू लागलो. कोणी लिहिलं होतं, शिंगाच्या पेल्यात विष ओतलं की ते फेसाळतं. कोणी संस्थानिकांपुढे रंगवून झुंजवलेल्या गेंड्यांचं वर्णन केलं होतं. कोणी दलदलीत उभ्या असलेल्या जनावराचं इतकं सुंदर चित्र शब्दांत काढलं होतं की मी हरखून गेलो, आणि पुढच्याच परिच्छेदात त्याने ते मारलं. यातल्या एकाला तरी वाईट वाटलं असेल, म्हणून मी पानं उलटत राहिलो. मला त्यांच्याकडून नक्की काय हवं होतं, ते अजूनही सांगता येत नाही.

शेवटी एका दुपारी कीपर कॉफी घ्यायला आली तेव्हा मी तिला फोनवरचा वाटीचा फोटो दाखवला.

“म्हशीचं शिंगही असू शकेल,” ती म्हणाली. “फोटोवरून नाही सांगता येत. वन्यजीव खात्यात जमा कर, ते तपासतील.”

“म्हशीचं निघालं तर?”

“बहुतेक परत देतील.”

“आणि गेंड्याचं असेल तर?”

तिने कॉफीचा कप काउंटरवर ठेवला. “मग ते तुला परत हवंय का, मेट?”

खोटी निघाली तर माझे हात स्वच्छ, पण मग आजोबांनी आयुष्यभर दिलेलं पाणी कुठे गेलं? खरी निघाली तर ते पोचलं, पण कशातून?

श्राद्धाच्या दिवशी सकाळी मी परसात पाट मांडला. दक्षिणेकडे तोंड केलं की इथे थेट समुद्राकडून गार वारा तोंडावर येतो. इंडियन दुकानातले काळे तीळ पाण्यात टाकले. आणि मी वाटीच वापरली. कीपरचं म्हणणं पटलेलं असूनही वापरली. आईला खोटं सांगायचं नव्हतं, हे एक कारण. दुसरं असं, की बाबांना शेवटचं पाणी मी दिलं नव्हतं.

बाबांचं नाव घेतलं, गोत्र घेतलं. पण डोळ्यांपुढे बाबा येईनात. टपरीसमोरची ती मादी येत होती, कानांवर चिखल वाळलेली, डबक्यात तोंड घालून पाणी पिणारी. तर्पणाच्या शेवटी ज्यांचं कोणी नाही अशा सगळ्यांसाठी पाणी सोडतात. ते मी त्या वाटीच्या जनावरासाठी सोडलं, त्याच्याच शिंगातून. हा मान होता की थट्टा, मला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाटी जमा केली. निकाल कळवायचा का, असं तिथल्या माणसाने विचारलं. मी नको म्हणालो. हा भित्रेपणा होता, असं आता वाटतं.

मग कॉलिंग कार्ड घेऊन आईला फोन लावला.

“पाणी दिलंस ना?”

“दिलं. वाटीनेच दिलं. पण आई, वाटी आता माझ्याकडे नाही. सरकारात जमा केली.”

“कोणी पकडलं का तुला?”

“नाही. मीच दिली. ती जनावरं संपत चाललीत गं.”

“ते जनावर तर केव्हाच मेलं,” आई म्हणाली. रागाने नव्हे, तिला खरंच कळत नव्हतं. मलाही नीट समजावता आलं नाही. पलीकडून पंख्याचा आवाज येत राहिला.

“मग माझ्या वेळेला कशाने देशील रे?”

“हाताने देईन, आई.”

“पोचेल?”

मी हो म्हणालो. तिने पुन्हा विचारलं नाही.