नातीच्या डोक्यावरचं विणकाम

गेल्या हिवाळ्यात विश्रांतवाडीच्या आमच्या घरात, बैठकीच्या खोलीत, माझ्या नातीने डोक्यावर केस विणून घेतले. विणून म्हणजे अगदी सुईने, मी रुमालाला जाळी विणते तसे. मी हे मैत्रिणींना सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, "तुझी तब्येत बरी आहे ना?" म्हणून नीट लिहिते.

नात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सोसायटीतल्या लहान मुलींना नाच शिकवते. त्याआधीच्या पावसाळ्यात तिला टायफॉईड झाला. ताप उतरला आणि केस जायला लागले. उशीवर केस, न्हाणीघराच्या जाळीवर केस, वरणातसुद्धा एकदा. उजव्या कानाच्या वर रुपयाएवढी जागा पार मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, परत येतील, धीर धरा. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांना धीराची सवय असावी.

नातीने क्लास बंद केला. मुली दार वाजवायच्या, ही आतूनच "बरं वाटत नाहीये" म्हणायची. दिवाळीनंतर सोसायटीचा वार्षिक कार्यक्रम असतो. त्यात मुलींचा नाच हीच बसवते आणि शेवटी गिरक्या घेत स्वतः मधोमध येऊन उभी राहते. या खेपेला मुलींनी नाच आपला आपणच बसवला, पण मधली जागा हिच्यासाठी रिकामी ठेवली. हे कळल्यावर ती मला म्हणाली, "आजी, या वेळी गेले नाही ना, तर मी परत कधीच क्लास घेणार नाही. मला माहितीये माझं." मलाही माहीत होतं. हट्टी आहे, आणि हट्ट कुठून आला हे घरात सगळे जाणून आहेत.

तिच्या कॉलेजात आफ्रिकेतून शिकायला आलेली एक मुलगी आहे. तिने हिला हा उपाय सांगितला. आपल्या केसांच्या डोक्याला चिकटून बारीक वेण्या घालायच्या आणि त्या वेण्यांखालून सुई घालून विकतच्या केसांची एकेक बट ओढून तिची गाठ मारायची. बाजारातून कुरळ्या केसांची पाकिटं आली. सुईही आली. माझ्या क्रोशाच्या सुईसारखीच, फक्त टोकाला बारीक झाकण, बट सुटू नये म्हणून. ती पाहिल्याबरोबर मी म्हटलं, "एवढंच ना? हे मला येतं."

येत होतंच. तरुणपणी मला विणकामाचं वेड होतं. रेडिओवर जाळी, घड्याळावर जाळी, पाण्याच्या पिंपावर जाळी. घरात जे हललं नाही त्याच्यावर मी जाळी घातली. आमचे हे खुर्चीत जास्त वेळ बसले की म्हणायचे, "उठतो बाई, नाहीतर मलाही झालर लावशील."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच नात न्हाऊन, केस कोरडे करून बसली. समोर आरसा, आरशाला टेकवलेला फोन, फोनमध्ये ती मैत्रीण. पुढच्या वेण्या नातीने स्वतःच्या स्वतः घातल्या. काय तिची बोटं चालत होती. माझ्या डोळ्यांना धड न दिसणाऱ्या बारीक केसांच्या तीन तीन बटा करून, डोकं न हलवता, ती कपाळापासून मागे येत होती. मोकळ्या जागेशी आली की बोटं हलकी व्हायची. तिथले नवे केस अजून कोवळे आहेत, त्यांना ओढ बसू द्यायची नाही, असं मैत्रिणीने बजावलेलं. मी नुसती बघत राहिले. तिच्या वयाची असताना माझी स्वतःची वेणी मला आईकडून घालून घ्यावी लागायची, आणि वर वेणी वाकडी झाली म्हणून मी आईलाच बोलायची.

मागच्या वेण्यांना तिचे हात पोचेनात. त्या माझ्याकडे आल्या. मी घातल्या सात, अगदी सरळ. मग तिने सुई लावून पहिली बट ओढली आणि बटेबरोबर माझी वेणीच अर्धी सरकून सुटली. दुसरीही तशीच.

तिने बोटं नाकाशी नेली. "आजी, तेल लावलंस?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

मी पदराखाली वाटी लपवली होती, ती आरशात दिसत होती. आता सांगा, तेलाचं बोट न लावता वेणी घालायची असते हे मला कुणी शिकवलं होतं? आजारातून उठलेल्या पोरीच्या कोरड्या डोक्याला हात लावायचा आणि खोबरेल लावायचं नाही, हे माझ्या हातांना मान्यच झालं नाही. फोनमधली मैत्रीण काहीतरी विचारत होती. नातीने तिला इंग्रजीत सांगितलं आणि ती तिकडे इतकी हसली की फोन आडवा पडला.

नात मात्र हसली नाही. तिने सुई खाली ठेवली. "राहू दे. गिरकीत सगळं गळून पडेल. नकोच जायला."

मग मी तिला माझ्या गंगावनाची गोष्ट सांगितली. गंगावन म्हणजे आमच्या वेळची खोट्या केसांची शेपटी, आपल्या वेणीत गुंफायची. माझे केस खांद्यापर्यंत, आणि मिजास कमरेपर्यंतची. नवीन लग्न झालेलं, ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून खडकवासल्याला निघाले. धरणावर कणीस खात उभी होते, तेवढ्यात एक सायकलवाला धापा टाकत आला. त्याच्या दोन बोटांत माझं गंगावन, मेलेल्या उंदरासारखं लांब धरलेलं.

"ताई, तुमचं हे वाटेत पडलं."

"माझं नाही," मी म्हटलं. पाठीवर वीतभर वेणी, खाली सुटलेला गोंडा, आणि मी म्हणते माझं नाही.

ह्यांनी माझ्या पाठीकडे पाहिलं, सायकलवाल्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "त्या नाही म्हणतायत तर ठेवा तुम्हीच. घरी कुणाला तरी होईल." तो बिचारा खरंच घेऊन गेला. नवं होतं हो, दोनदाच घातलेलं.

"आजोबांना माहीत होतं?" नातीने विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून. मी ते न्हाणीघरात खिळ्याला टांगायची. पण मला वाटायचं, त्यांना वाटतंय तो टॉवेल आहे."

आता मात्र ती हसली, पोट धरून. मग उठली. मला रागावली नाही, माझ्याकडून काम काढूनही घेतलं नाही. तेलकट वेण्या सोडल्या, मागचं डोकं शॅम्पूने दोनदा धुतलं, ड्रायरने वाळवलं आणि परत माझ्यापुढे पाठ करून बसली. "घाल. आणि वाटी आईकडे दे."

सूनबाईंनी वाटी नेली आणि स्वयंपाकघराचं दारही लावून घेतलं, जणू मी मागून झडप घालणार होते.

या वेळी वेण्या घट्ट राहिल्या. मग नातीने सुईही माझ्या हातात दिली. वेणीखालून सुई, झाकणात बट, मागे ओढ, बटेची टोकं तिच्याच फासातून बाहेर, आणि गाठ. दोनचार गाठींनंतर हात लागला. मागे मी, पुढे ती. कानावरच्या मोकळ्या जागेत तिने एकही गाठ मारली नाही. वरच्या ओळीतल्या बटा अशा उतरवल्या की ती जागा आपोआप झाकली गेली. शेवटी आरशात बघत, एकेक कुरळं टोक कात्रीने कमी करत तिने चेहऱ्याभोवती सगळं बसवलं. अर्धे केस वर बांधले, अर्धे सोडले. मला वाटलं होतं टोप घातल्यासारखं दिसेल. दिसत होती आमची तीच, फक्त जरा जास्त.

"ओढ," ती म्हणाली.

"दुखेल."

"आजी, ओढ. जोरात."

मी मूठभर बटा धरून ओढल्या. काही हललं नाही. मग तिने टीपॉय सरकवून बैठकीत एक गिरकी घेतली, मग आणखी एक. जमिनीवर एक केसही पडला नाही. मी वाकून पाहिलं, चष्मा लावून.

संध्याकाळी सोसायटीच्या मांडवात मुलींचा नाच सुरू झाला. मधली जागा शेवटपर्यंत रिकामी होती. मग ती आली. गिरकी घेताना केस तिच्याभोवती फिरले, थांबल्यावर खांद्यावर येऊन बसले. माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "टायफॉईडनंतर एवढे केस? कुठलं तेल लावता हो?" मी सांगितलं, "तेल अजिबात लावायचं नाही," आणि ते ऐकून पुढच्या रांगेत सूनबाईंनी वळून पाहिलं.

नाच संपला तशा सगळ्या मुली तिला चिकटल्या. सगळ्यात लहान मुलीने एक बट हातात धरली. "ताई, हे तुझे आहेत?"

नात उकिडवी बसली, कानावरच्या बटा बाजूला केल्या आणि तिला ती मोकळी जागा दाखवली. "माझे इथे उगवतायत. तोपर्यंत हे. बोट लाव, पण हळू."

मुलीने बोट लावलं. "टोचतं," ती म्हणाली.

"टोचणारच. नवीन आहेत." नात उठली, टाळी वाजवली. "दुसऱ्या कडव्याला तुम्ही सगळ्या चुकलात. सोमवारी साडेपाचला क्लास. उशीर केला तर दारात उभं करीन."