पुतळ्याच्या अंगातला शर्ट

तिला सगळे टाचणीबाई म्हणायचे. दिवसभर ओठांत टाचण्या धरून कपडे शिवायचे आणि त्याच ओठांच्या कोपऱ्यातून गिऱ्हाइकांशी, सासूशी, दूधवाल्याशी गप्पा हाणायच्या, ही तिची कला. आजवर एकही टाचणी गिळली नाही, हे नशीबच म्हणायचं!

नवरा मालवाहू जहाजावर इंजिनाचा फिटर. लेक पाळण्यात होती तेव्हा गेला, आणि या जहाजावरून त्या जहाजावर असं करता करता घरी यायचा राहूनच गेला. आता ती पोर शिवणयंत्रातल्या दोऱ्याच्या रिळासारखी घरभर गरागरा फिरायला लागली होती, म्हणून तिचं नाव पडलं बॉबिन.

जहाज बंदराला लागलं की दुपारी त्याचा फोन यायचा, चेहरा दिसणारा. मग टाचणीबाई घरच्या बातम्या सुरू करायची. मोरीचा नळ पुन्हा गळतोय. आईंची कवळी सापडली, पिठाच्या डब्यात होती. वरच्या मजल्यावर कुत्रं आणलंय, ते मेलं फक्त आईंवरच भुंकतं.

"आणि बॉबिन?" तो विचारायचा, आणि इथेच घोडं अडायचं. बॉबिन फोनकडे ढुंकूनही बघायची नाही. "असू दे गं, लहान आहे," तो म्हणायचा खरा, पण त्याचा पडलेला चेहरा हिला दिसायचा. हा घरी येईल आणि पोर त्याला परका समजून टाहो फोडेल, या विचाराने तिची शिलाई वाकडी जायची.

मग तिला जे सुचलं, ते कपडे शिवणाऱ्या बाईलाच सुचावं. शिवणाच्या खोलीत कपडे चढवून बघायचा पुतळा होता. बायकी, बिनडोक्याचा, बिनहातांचा. तिने त्याला नवऱ्याचा निळ्या चौकटींचा शर्ट घातला, पोटाशी चिंध्या कोंबल्या, आणि फोन आला तेव्हा तो कॉलरमध्ये खोचून दोन्ही बाजूंनी टाचण्या मारल्या. झालं, चेहऱ्याला धड मिळालं!

"अगं, माझ्या धडधाकट लेकाचं हे काय करून ठेवलंस?" सासूबाई कडाडल्या. "आणि छाती तरी बघ त्याची!"

"आई, दाबून दाबून बसवलीय. याहून नाही बसत."

सासूबाई इतक्या हसल्या की कवळी हातात धरावी लागली.

पण युक्ती लागू पडली हो! बॉबिन पुतळ्यासमोर येऊन उभी राहू लागली. शर्टाच्या खालच्या बटणाशी चाळा करत फोनमधल्या गप्पा ऐकू लागली. एके दिवशी तिने चक्क "बाबा" म्हटलं, तेव्हा तिकडे तो फिटर इंजिनाच्या काळ्या फडक्यानेच डोळे पुसत बसला.

बॉबिन फोन नसतानाही पुतळ्याला बाबा म्हणायची, हे मात्र टाचणीबाईने त्याला सांगितलं नाही. बिस्किटाचा तुकडा त्याच्या खिशात ठेवायची. कधीकधी त्याच्यापुढे दोन्ही हात वर करून उभी राहायची, घे म्हणून. थोडा वेळ वाट बघायची आणि निमूट खेळायला निघून जायची.

आणि एका सकाळी तो आला. खांद्यावर बॅग, तोंडभर हसू. बॉबिनने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि धूम ठोकली ती थेट शिवणाच्या खोलीत. तो मागोमाग दारापर्यंत गेला. लेक पुतळ्याला घट्ट बिलगली होती. "बाबा! बाबा!"

"तरी मी सांगत होते," सासूबाई पुटपुटल्या.

टाचणीबाईच्या तोंडात आज टाचण्या नव्हत्या, तरी शब्द ओठांच्या कोपऱ्यातूनच आले. "माझंच चुकलं, अहो," ती म्हणाली. "तिला तुमची सवय व्हावी म्हणून केलं, आणि सवय लागली ती याची."

त्याने चहासुद्धा तसाच ठेवला. दुपारी सासूबाई बॉबिनला स्वयंपाकघरात भरवत होत्या, तेव्हा तो हळूच म्हणाला, "तो शर्ट दे मला."

"कशाला?"

"दे तर खरा."

त्याने शर्ट चढवला. पोट बघून टाचणीबाईला तेवढ्यातही हसू आलं. "चिंध्या लागणार नाहीत."

पुतळा पडद्यामागे गेला आणि त्याच्या जागी, कोपऱ्यात, फिटर उभा राहिला. ताठ, हात खाली सोडून, श्वास रोखून. टाचणीबाई मशीनवर बसली, पण पाय काही हलेना.

खरकट्या तोंडाने बॉबिन आली. सवयीने खालच्या बटणाला हात घातला. म्हणाली, "बाबा." मग तिची बोटं बाहीकडे गेली. ती बाही रोज रिकामी लोंबायची. आज तिच्या टोकाशी पंजा होता, गरम. बॉबिनने तो उलटसुलट करून पाहिला. पलीकडे जाऊन दुसरी बाहीही तपासली. मग मान वर करून त्याच्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिली. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण तो जागचा हलला नाही.

एकदम ती स्वयंपाकघराकडे पळाली. "आजी! बाबाला हात आले!"

आणि तश्शीच धावत परत आली, स्वतःचे दोन्ही हात वर करून.

"घे!"