झिसिसचं भाकीत

झिसिस गारुफालिस उभी हयात जहाजांवर वायरलेस ऑपरेटर होता. निवृत्त होऊन ग्रीसमधल्या आपल्या वोलोस गावी परतला तेव्हा त्याला ना बायको होती ना पोर. होती ती आपल्या कानांची घमेंड. तुफानाच्या खरखरीतून नेमका संदेश वेचणारे कान ते. शेअर बाजारही त्याला तसाच वाटला. खरखर पुष्कळ, पण ऐकणारा असेल तर आत कुणीतरी बोलतंय.

नव्व्याण्णव साली अख्खं गाव शेअर खेळत होतं. औषधांच्या दुकानावरच्या माडीवर दलालाचं ऑफिस होतं. तिथल्या पडद्यासमोर न्हावी, पाद्री, मास्तरीण, सगळे माना वर करून उभे असत. झिसिस बोट दाखवी तो शेअर चढे. चढत सगळेच होते, पण तेवढं भान कुणाला? लोक त्याला घरचा मध आणून देत, त्याच्या कॉफीचे पैसे कुणी घेत नसे. मासेवाला रीझोस तर चारचौघांत त्याला 'महाराज' म्हणे, आणि तेव्हा त्यात थट्टा नव्हती.

झिसिसची थोरली बहीण असिमिना विधवा होती. पेलिओन डोंगराच्या उतारावरची ऑलिव्हची बाग नवऱ्यानं तिच्यासाठी मागं ठेवलेली. ती विकून पैसे भावाच्या हाती देताना तिनं एवढंच विचारलं, की नक्की ना?

"ताई, मला दिसतंय," तो म्हणाला.

बाजार कोसळला. ईस्टरपर्यंत थांब, म्हणाला. मग म्हणाला, द्राक्षं उतरेपर्यंत. तोवर बागेच्या जागी नुसते कागद उरले आणि त्याचं स्वतःचं घरही गेलं. असिमिनानं त्याला आपल्याकडे आणलं. बाईचं काळीज मोठं, असं शेजारणी म्हणाल्या.

पहिल्याच दुपारी घेवड्याच्या सूपचा वाडगा हातात धरून ती त्याच्यासमोर उभी राहिली. उद्या बाजार काय करेल, तिनं विचारलं. तो हसला. वाडगा काही खाली आला नाही. शेवटी "चढेल" म्हणाला, तेव्हा जेवायला मिळालं.

मग ते रोजचंच झालं. रीझोसचेही पैसे बुडाले होते. तो दोघातिघांना घेऊन खिडकीशी यायचा. झिसिस चुकला की बाहेर हशा. बरोबर आला तर असिमिना म्हणायची, कोंबडीला विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. हळूहळू झिसिसनं विचार करणंच सोडलं. सूपकडे बघायचा आणि तोंडाला येईल ते बोलायचा.

काही वर्षांनी त्याचं बोलणं खरं ठरू लागलं. आज खरं, उद्या खरं, परवाही खरं. खिडकीतला हशा आधी बारीक झाला, मग थांबला. एके दिवशी रीझोस परसदारानं एकटाच आला, पानात गुंडाळलेली ताजी मासळी घेऊन.

"झिसिसराव, झालं गेलं सोडा. यात काहीतरी आहे ना?"

झिसिसच्या पाठीचा कणा ताठ झाला. त्यानं आलेखाचा कागद आणला, रोज दाढी करू लागला, रेघा मारून, हिशेब मांडून उत्तरं देऊ लागला. असिमिना आता आधी वाढायची, मग विचारायची. रीझोसनं मासळीबाजारातला आपला गाळा विकून शेअर घेतले.

आणि बाजार घसरला. बरोबर आलं होतं ते विचार न करता बोललेलं. विचार करून बोललेलं सगळं उलटं पडलं.

ऐन जेवणाच्या वेळी रीझोस आत शिरला आणि त्यानं झिसिसच्या थोबाडीत दिली. चष्मा उडून सूपमध्ये पडला. रीझोस आला तसा निघून गेला. असिमिनानं चमच्यानं चष्मा बाहेर काढला, कमरेच्या एप्रनला पुसला, भावाच्या नाकावर बसवला.

"उद्या?"

"ताई, मला नाही कळत. कधीच कळत नव्हतं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "बोल."

"पडेल," झिसिस म्हणाला.

त्यानंतर तो दुसरं काही बोललाच नाही. रोज पडेल. आणि नेमका त्याच काळात बाजार खरोखर गडगडू लागला, तो वर्षानुवर्षं. अथेन्सच्या पगारी पंडितांचे अंदाज हुकत होते, झिसिसचे बसत होते. पण विकायला शेअर उरला होता कुणाकडे? दलालाचं ऑफिस बंद झालं, पेन्शनी कापल्या गेल्या. रीझोस दुसऱ्याच्या दुकानात मासे साफ करू लागला. खिडकीशी कुणी येईना. असिमिना मात्र विचारायची चुकली नाही.

झिसिस वसंतात गेला, जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. दफनानंतर ब्रँडीचा पेला हातात घेऊन रीझोस म्हणाला, की बिचारा शेवटी शेवटी क्वचितच चुकायचा.

"त्यात कसली अक्कल?" असिमिना म्हणाली. "तोंडाला एक शब्द चिकटला होता, एवढंच."

मग आतून तिनं भावाचे जहाजावरचे जाड बूट आणून रीझोसपुढं ठेवले. घरात नुसते पडून राहतील, न्यायचे तर ने म्हणाली. रीझोसनं ते तिथंच पायात घालून पाहिले. जरा सैल झाले, पण त्यानं ते काढले नाहीत.