उलट्या कॅसेटच्या बाई

आमच्या ट्यूटरबाई जखम आधी बांधलेली दाखवत आणि मग उघडी. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतल्या आमच्या नर्सिंगच्या शाळेत नवा व्हिडिओ आला, तेव्हाची ही गोष्ट. ड्रेसिंगची कॅसेट एकच होती. बाई ती एकदा सरळ दाखवत आणि लगेच उलटी. मग पडद्यावरची नर्स पट्टी सोडायची, जखमेवरचं औषध कापसाने टिपून वाटीत परत ठेवायची, हातमोजे काढायची आणि मागे मागे चालत दाराबाहेर जायची. आम्ही पहिल्यांदा पोट धरून हसलो. नंतर मात्र रात्री पाठ करायला बसलं की सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, तेच कळेना.

त्यात बाईंचा खेळ. चित्र मध्येच थांबवून त्या कुणावर तरी बोट रोखत. "ह्याच्या आधी काय गो?" चुकली ती बाद, आणि तिने सगळ्यांच्या पट्ट्या गुंडाळायच्या. बहुतेक पट्ट्या माझ्याच वाट्याला येत. मी रडकुंडीला आले की बाई म्हणत, "पुढचं कुणालाही सुचतं. मागे काय राहिलं, ते बघायला शीक."

हे सगळं मुद्दाम होतं का, यावर होस्टेलमध्ये दोन पक्ष होते. बाई अधूनमधून यंत्राच्या डोक्यावर चापट मारत, म्हणून एका पक्षाचं म्हणणं, बटणच अडकतं आणि बाई वेळ मारून नेतात. मी रोज पक्ष बदलत असे.

प्रात्यक्षिकात मी एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले असते तर शिक्षण बंद, नाटे गावी परत आणि आईने बघून ठेवलेलं स्थळ. दुसऱ्या परीक्षेत माझ्या वाट्याला पायाला जखम झालेले एक खलाशी मामा आले. माझा चेहरा बघून म्हणाले, "घाबरतंस कशाला गो? दुखायचं मला हाय." अर्ध्यावर माझं डोकं रिकामं झालं. आणि त्या रिकाम्या डोक्यात कॅसेट उलटी सुरू झाली. चिमटा, त्याच्या आधी वाटी, त्याच्या आधी... निर्जंतुक मोजे घातलेल्या हाताने मी मामांची चादर सारली होती! "मॅडम, मोजे बदलून पुन्हा सुरू करते," मी परीक्षकांना म्हटलं. आता संपलंच, असं वाटलं होतं. पण पास झाले.

बाईंची बदली झाली तेव्हा त्यांना गाडीत बसवायला मी हायवेवरच्या हातखंबा फाट्यापर्यंत गेले. खिडकीशी उभी राहून शेवटी विचारलंच, "बाई, ते मुद्दाम होतं की यंत्र बिघडलेलं?"

"पास झालीस ना? मग यंत्राची चौकशी कशाला?" बाई हसल्या आणि गाडी सुटली.

पुढे बाई गेल्याचं कळलं. आता कुणाला विचारणार?

आज मी शिकवते. माझं यंत्र धडधाकट आहे, तरी मी उलटं दाखवते. परवा एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, बिघडलंय का?" मी समजावायला तोंड उघडलं आणि निघालं, "ह्याच्या आधी काय गो?" बाईंची इतकी आठवण आली, की चित्र थांबवायचं राहूनच गेलं. पडद्यावरची नर्स मागे मागे चालत दाराबाहेर निघून गेली.