शी झाली म्हणून जिलेबी

पंधरा ऑगस्टला कराडात चौकाचौकात जिलेबीच्या कढया चढतात. तापलेल्या तेलाचा आणि पाकाचा तो वास आला की मी सांगलीच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहते.

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या छाती आणि पोटामधल्या पडद्याला भोक होतं. त्यातून आतडी वर छातीत चढली होती, फुप्फुसाला जागाच उरली नव्हती. डॉक्टरांनी आतडी खाली आणून भोक शिवलं आणि म्हणाले, "आता शी झाली की समजायचं, आतडी चालू झाली." मग आम्ही सगळे तिच्या शीची वाट बघत बसलो. मुलगी झाली की आमच्याकडे जिलेबी वाटतात. ती आणायचं धाडस तोवर कुणाला झालं नव्हतं.

एका दुपारी नर्स बाहेर येऊन म्हणाली, "बाळानं शी केली." सासूबाई उठल्या आणि थोड्या वेळानं गरम जिलेबीचा पुडा घेऊन आल्या. पाक लुगड्यावर गळत होता. दिसेल त्याच्या हातावर त्या जिलेबी ठेवत सुटल्या.

"नात झाली व्हय, मावशी?" एका बाईनं विचारलं.

"नात कवाच झाली. आज शी केली तिनं."

तेव्हा मला लाजेनं कुठं तोंड लपवू असं झालं होतं. आता त्या लाजेचंच हसू येतं.

आज लेकीनं तिसरी जिलेबी उचलली. मी अडवलं नाही. दुखलंच, तर पोटात दुखेल, छातीत नाही.